टोंगळ्यातली गादी आणि कार्डावरची तीन अक्षरं

विदर्भातल्या सर्व हाडांच्या डॉक्टरांना,

सविनय नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात विज्ञान शिकवतो. ऊतींचा धडा आला की दरवर्षी फळ्यावर एक वाक्य लिहितो : कास्थीमुळे हाडांची टोकं गुळगुळीत राहतात आणि सांधा सहज हलतो. पोरं ते वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात, गुण मिळवतात. त्याच कास्थीपायी गेल्या पाच वर्षांत माझ्या घरातली दोन माणसं तुमच्या दवाखान्यांच्या पायऱ्या चढली. एक माझी माय, दुसरा माझा भाचा. पुस्तकातली कास्थी, तुमच्या बोलण्यातली कूर्चा आणि आमच्या गावातली ‘गादी’ ही एकच वस्तू आहे, हे मलासुद्धा फार उशिरा कळलं.

या पत्रात मी कोणाचं नाव घेणार नाही. नाव घेतलं की ती एका डॉक्टरची गोष्ट होते, आणि मी जे पाहिलं ते एका दवाखान्यापुरतं नव्हतं.

भाच्यापासून सुरू करतो, कारण ते अजून सलतं.

पोरगं तेवीस वर्षांचं. बारावीनंतर शेतीतच. कबड्डीत चढाई करायला लागला की पंचक्रोशीतली माणसं पाहायला जमायची. संक्रांतीच्या सामन्यात त्याचा पाय मातीत रुतला आणि वरचं अंग फिरलं. टोंगळा, म्हणजे तुमच्या भाषेत गुडघा, रात्रीतून टरारून सुजला. आधी चोळणाऱ्याकडे नेलं, ते आमचं चुकलंच. सूज उतरली, पण चालता चालता टोंगळा मध्येच अडकायचा. शेवटी मे महिन्यात एमआरआय झाला. मांडीच्या हाडाच्या टोकावरून कास्थीचा चिंचोक्याएवढा टवका निघाला होता. डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीचं ऑपरेशन करू, दोन दिवसांत घरी जाल. पेरणीच्या आधी उरकून घेऊ म्हणून बहिणीने जूनच्या पहिल्या आठवड्यातली तारीख घेतली.

ऑपरेशन चांगलं झालं होतं. हे मी मुद्दाम लिहितो. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा तेही म्हणाले की निवड बरोबर होती आणि हातही चांगला होता. टवका गेलेल्या जागी हाडाला बारीक भोकं पाडायची, त्यातून मज्जेतलं रक्त वर येतं, त्याची गाठ त्या खड्ड्यात बसते आणि काही महिन्यांत तिथे कास्थीसारखं काहीतरी तयार होतं. अमेरिकेतले डॉ. रिचर्ड स्टेडमन यांनी १९८०च्या दशकात ही पद्धत रूढ केली. तयार होतं ते मूळच्या कास्थीइतकं पक्कं नसतं, तंतुमय असतं, पण लहान जखमेला, तरुण माणसाला त्याचा उपयोग होतो. ती रक्ताची गाठ सुरुवातीला ओल्या मातीच्या लिंपणासारखी असते. त्यावर भार पडला की ती निघते. म्हणून साधारण सहा आठवडे त्या पायावर वजन द्यायचं नसतं. कुबड्या घ्यायच्या आणि टोंगळा मात्र रोज हळूहळू वाकवत राहायचा.

हे सगळं मला आता माहीत आहे. तेव्हा आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. सुटी झाली तेव्हा बहिणीच्या हातात एक कार्ड दिलं. त्यावर पाच गोळ्यांची नावं होती आणि त्याखाली इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं : एनडब्ल्यूबी, सिक्स डब्ल्यूके. तुम्हाला त्याचा अर्थ एका नजरेत कळतो. भार देऊ नये, सहा आठवडे. माझी बहीण सातवी शिकली आहे. वरच्या पाच औषधांखाली लिहिलंय म्हणजे हे सहावं औषध असेल, असं तिला वाटलं. ती ते कार्ड घेऊन तालुक्यातल्या तीन मेडिकलमध्ये फिरली. दोन ठिकाणी ‘आमच्याकडे नाही’ म्हणाले. तिसऱ्याने पाच गोळ्या दिल्या आणि म्हणाला, ते राहू द्या, याने भागेल.

कुबड्या होत्या, पण दुखेनासं झालं तेव्हा पोराने त्या कोपऱ्यात ठेवल्या. पंधराव्या दिवशी पाऊस पडला. दोन दिवसांनी वाफसा आला. ज्यांनी वऱ्हाडात शेती केली त्यांना वाफसा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. ते दोन-तीन दिवस हातचे गेले की साल हातचं जातं. मजूर मिळेना. पोराने तिफण धरली आणि दिवसभर बैलांमागे चालला, ओल्या वावरात, ढेकळांतून.

मी तेव्हा सासुरवाडीला होतो. कार्ड मी पाहिलं ते महिनाभराने. इंग्रजी अक्षरं मला वाचता येत होती, अर्थ मलाही शोधावा लागला. तो कळला तेव्हा मी बहिणीला लगेच सांगू शकलो नाही.

पुढे टोंगळा पुन्हा अडकू लागला. एका शासकीय रुग्णालयात एक तरुण डॉक्टर भेटला, पंचविशी उलटलेला असेल. बाहेर रांग दारापर्यंत होती. त्याने जुना आणि नवा एमआरआय शेजारी शेजारी लावला आणि भाच्याला विचारलं, “दादा, ऑपरेशननंतर पाय खाली कधी टेकवला?” पोरगं म्हणालं, “पंधरा-सतरा दिवसांनी. पेरणी होती.” डॉक्टरने हातातला पेन खाली ठेवला. काही बोलला नाही. मग केसपेपर उलटा केला आणि त्याच्या पाठीवर टोंगळ्याचं चित्र काढलं : मांडीचं हाड, नडगीचं हाड, मधली वाटी. हाडांच्या टोकांवर त्याने पेन आडवा करून जाड रेघ ओढली. “ही गादी,” तो म्हणाला, “पेन्सिलीच्या शिसाएवढी जाड, दोन-चार मिलिमीटर. हिच्यात रक्तवाहिनी नाही, म्हणून ती स्वतःहून भरून येत नाही. आणि हे मधले दोन अर्धचंद्र, यांनाही लोक गादीच म्हणतात, पण त्या वेगळ्या. तुझी ही गेली होती, त्या शाबूत आहेत.”

पाय टेकवला नसता तर ते लिंपण नक्की टिकलं असतं, असं तोही म्हणाला नाही. विचारलं तर म्हणाला, “शक्यता जास्त होती.” ते त्याचं प्रामाणिक उत्तर होतं आणि आम्हाला ते पुरलं. ते चित्र आजही बहिणीच्या घरात देवघराशेजारी खिळ्याला लावलेलं आहे.

त्यानेच पुढचा मार्गही सांगितला. खड्डा मोठा असेल तर माणसाच्याच सांध्यातल्या कास्थीचा बारीक तुकडा काढतात, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवतात आणि दुसऱ्या ऑपरेशनने त्या खड्ड्यात बसवतात. स्वीडनच्या डॉक्टरांनी १९९४ साली तेवीस रुग्णांवरचा आपला अनुभव प्रसिद्ध केला तेव्हापासून ही पद्धत जगभर माहीत झाली. पण ऑपरेशन दोनदा, खर्च आमच्या ऐपतीबाहेरचा आणि नंतर पुन्हा तेच, कित्येक आठवडे पाय सांभाळणं. पोराने हात जोडले. आता तो कबड्डी पाहायला जातो, मैदानाच्या कडेला उभा राहतो.

आता मायची गोष्ट.

माय बासष्टची आहे. चाळीस वर्षं लोकांच्या आणि नंतर स्वतःच्या वावरात निंदणं केली. निंदण म्हणजे सकाळी आठपासून उकिडवं बसायचं आणि पात संपेपर्यंत बसल्या बसल्याच पुढे सरकायचं. टोंगळे दुखायला लागले तेव्हा तिने रुईची पानं तेल लावून गरम करून बांधली, वरून जुन्या लुगड्याचं फडकं गुंडाळलं. तीन वर्षं तसंच काढलं.

मग गावात कॅम्प लागला. समाजमंदिरात खुर्च्या मांडल्या होत्या. पाच मिनिटांत तपासणी झाली आणि तिला सांगितलं, “आजी, टोंगळ्यातलं ग्रीस संपलं. तीन इंजेक्शनं घ्या, गादी नवी तयार होईल.” शहरात जाऊन तिने ती घेतली. दुसऱ्या वर्षी तिथूनच सांगितलं की आता तुमच्याच रक्तातून काढून इंजेक्शन देऊ, त्याने पेशी वाढतील. दोन्ही मिळून तीन क्विंटल कापसाचे पैसे गेले. मधे एकदा वेगळ्या ठिकाणी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं, त्याने महिनाभर बरं वाटलं, ते संपल्यावर पुन्हा दिलं, मग तिसऱ्यांदा.

घरी शिलाईच्या मशीनमागे एक पिशवी आहे, साडीच्या दुकानातली, प्लॅस्टिकची. मायचे सगळे एक्स-रे आणि कागद तिच्यात आहेत. एका रविवारी मी ते सगळे खाटेवर पसरले. औषधं आहेत, बिलं आहेत, पुढच्या तारखा आहेत. तिला झालंय काय आणि कोणत्या टप्प्याला आहे, हे एकाही कागदावर लिहिलेलं नाही. तिच्या एक्स-रेमध्ये आतल्या बाजूला दोन हाडांमध्ये फट उरलेलीच नाही. हे मला त्या तरुण डॉक्टरने खिडकीच्या उजेडात एक्स-रे धरून दाखवलं. म्हणाला, हा शेवटचा, चौथा टप्पा. हे टप्पे १९५७ सालापासून जगभरचे डॉक्टर वापरतात. म्हणजे कॅम्पमध्ये एक्स-रे काढला असता, तर तेव्हाही कळलं असतं.

डॉक्टरसाहेब, मी विज्ञानाचा मास्तर आहे, म्हणून घरी येऊन वाचत बसलो. जे वाचलं ते तुम्हाला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त माहीत असणार, तरी लिहितो. विल्यम हंटर नावाच्या डॉक्टरने १७४३ सालीच लिहून ठेवलं की कास्थी एकदा नष्ट झाली की ती परत येत नाही. पावणेतीनशे वर्षांनंतरही, सगळीकडून झिजलेल्या सांध्यात नवी गादी उगवेल असं इंजेक्शन कोणी बनवलेलं नाही. अमेरिकेत २०१७ साली एकशेचाळीस रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना दोन वर्षं दर तीन महिन्यांनी स्टेरॉइड दिलं, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. दुखण्यात फरक पडला नाही, पण स्टेरॉइडवाल्यांची कास्थी जास्त झिजली. रक्तातून काढलेल्या इंजेक्शनाचा ऑस्ट्रेलियातला २०२१चा अभ्यास दोनशे अठ्ठ्याऐंशी जणांचा. वर्षभराने दुखणं आणि कास्थी, दोन्हींत मिठाच्या पाण्यापेक्षा काही विशेष फरक निघाला नाही.

दुर्बिणीने ‘साफ’ करण्याचंही तसंच. ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी १८० रुग्णांचे तीन गट केले. एकाचा टोंगळा खरवडून साफ केला, दुसऱ्याचा पाण्याने धुतला, तिसऱ्याच्या कातडीवर फक्त चिरा दिल्या. दोन वर्षांनी तिन्ही गटांचं दुखणं सारखंच होतं. हे २००२ साली छापून आलं. भाच्यासारखा टवका निघून टोंगळा अडकत असेल तर दुर्बीण लागते, ते मला मान्य आहे. पण आमच्या गावातल्या तीन म्हाताऱ्या बाया झिजलेले टोंगळे साफ करून आल्या आहेत, आणि तिघीही आज काठी घेऊन चालतात.

मला राग इंजेक्शनाचा नाही. दुखणं काही दिवस कमी होईल, असं म्हणून दिलं असतं तर मायने कदाचित तरीही घेतलं असतं. ‘गादी नवी तयार होईल’ या चार शब्दांसाठी तिने कापूस विकला. ते चार शब्द खरे नव्हते.

आता वाट्या बदलण्याबद्दल, म्हणजे टोंगळ्याचा सांधाच बदलण्याबद्दल. एका मोठ्या दवाखान्यात तिला दोन्ही टोंगळ्यांचं पॅकेज सांगितलं. मायने एकच प्रश्न विचारला : “बसता येईन काय जी?” उत्तर मिळालं, “आता आराम करायचा, आजी. खूप काम केलं.” बोलणं मायेचं होतं, पण प्रश्नाचं उत्तर ते नव्हतं. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, “म्या काय इचारलं अन् त्यायनं काय सांगतलं.”

बदललेला सांधा दुखणं घालवतो, चालणं सुधारतो. दर शंभरातले सुमारे ब्याऐंशी सांधे पंचवीस वर्षं टिकतात, असं २०१९च्या एका मोठ्या आढाव्यात आहे. हे सगळं चांगलंच आहे. पण त्यानंतर उकिडवं बसून निंदण करता येत नाही, मांडी घालून जेवायला बसणंही बहुतेकांना अवघड जातं. तेवढं सरळ सांगा ना. माय रडली नसती. वावर बटाईने द्यायचं की नाही हे तिला ठरवायचं होतं, आणि ते ठरवण्याचा हक्क तिचाच होता. शिवाय त्या पॅकेजमध्ये सांधा कुठला आणि त्याची किंमत किती, हे वेगळं लिहून मागितलं तर काउंटरवरचा मुलगा माझ्याकडे पाहतच राहिला. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमच्या सांध्याला केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये ५४,७२० रुपयांची मर्यादा घातली, जीएसटी वेगळा. हे विचारणं म्हणजे भांडण नाही. महात्मा फुले योजनेत कोणतं ऑपरेशन बसतं ते विचारायला आरोग्यमित्र असतो, हेही आम्हाला तिथे कोणी सांगितलं नाही.

तिच्या एका कागदावर खाली छापील सूचना आहेत. पहिली : वजन कमी करा. माझ्या मायचं वजन शेहेचाळीस किलो आहे. जड माणसाने एक किलो कमी केलं तर प्रत्येक पावलाला टोंगळ्यावरचा भार चार किलोने कमी होतो, हे मला माहीत आहे, ती सूचना खरीच आहे. पण ती मायला दिली, म्हणजे देणाऱ्याने तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. दुसरी सूचना : इंग्रजी संडास वापरा. आमच्याकडे शौचालय आहे, सरकारी योजनेतलं, उकिडवं बसायचं. भाच्याने प्लॅस्टिकच्या खुर्चीच्या मधोमध भोक पाडून ती वर ठेवली, दोनशे रुपयांत काम झालं. तिसरी : फिजिओथेरपी. ती जिथे मिळते ते गाव आमच्यापासून साठ किलोमीटरवर आहे. बायांना एसटीचं तिकीट मार्च २०२३ पासून अर्धं झालं हे खरं, पण रोज मजुरी बुडवून साठ किलोमीटर कोण जाणार?

त्या तरुण डॉक्टरने ती अडचणही ओळखली. त्याने मायला तपासणीच्या टेबलावर झोपवलं, टोंगळ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि म्हणाला, “आजी, खाली दाबा, दहापर्यंत मोजा, सोडा.” तिच्याकडून दहादा करवून घेतलं. मांडीचे स्नायू बळकट झाले की टोंगळ्यावरचा ताण कमी होतो, असं सांगितलं. सात मिनिटं लागली असतील. माय आता रोज पहाटे चूल पेटवायच्या आधी ते करते, खाटेवर पडून, ओठ हलवत मोजत. दुखणं गेलेलं नाही, पण कमी झालं आहे. निंदणाला ती बुटकं लाकडी स्टूल घेऊन जाते आणि ते सरकवत सरकवत पात धरते. ऑपरेशन करायचं की नाही, ते ती दिवाळीनंतर ठरवणार आहे.

तुमच्यापुढची गर्दी मी पाहिली आहे. एकेका डॉक्टरमागे दारापर्यंत रांग असते, आणि आमच्यातलेही काही जण ‘इंजेक्शन दिलंच नाही’ म्हणून दुसऱ्या दवाखान्यात जातात. तो दोष आमचा आहे आणि मी शाळेत, ग्रामसभेत त्यावर बोलतो. पण तपासायच्या आधी “तुम्ही काम काय करता, खाली बसावं लागतं का” एवढं विचारायला वेळ लागत नाही. एक्स-रे पाहून कोणता टप्पा ते कागदावर लिहायला एक ओळ लागते. माणसाने मागितले तर त्याचे कागद बहात्तर तासांत द्यावेत, असं वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या नियमांतच आहे. आम्ही मागतो तेव्हा ‘कशाला पाहिजेत, केस करायची आहे का’ असं विचारू नका. दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचे असतात, एवढंच.

आणि ऑपरेशननंतरचं कार्ड मराठीत द्या. निदान पाय टेकवायचा की नाही, किती दिवस, टोंगळा किती वाकवायचा, एवढं तरी. सांगून झालं की घरच्या माणसाकडून एकदा वदवून घ्या. आम्ही वर्गात तसंच करतो. ‘कळलं का’ विचारलं की सगळी पोरं हो म्हणतात. म्हणून मी विचारतो, ‘काय कळलं ते सांग.’

छापून घ्यायला वेळ नसेल तर मी मदत करतो. भाच्याच्या ऑपरेशनसारख्या ऑपरेशननंतर घरी काय करायचं, याचं एक पान मी मराठीत लिहिलं आहे. अक्षर मोठं ठेवलं आहे, अकरा ओळी आहेत. पहिली ओळ अशी : ‘ऑपरेशन केलेला पाय सहा आठवडे जमिनीला टेकवू नका, दुखत नसलं तरी टेकवू नका, पेरणी असली तरी टेकवू नका.’ बहिणीला वाचायला दिलं, तिला सगळं कळलं. ते पान या पत्रासोबत जोडतो आहे. कोणत्या पेशंटला किती आठवडे, ते तुम्ही भरा. माझं काही चुकलं असेल तर लाल शाईने दुरुस्त करून पाठवा. मी ते सुधारून, झेरॉक्स काढून तुमच्या दवाखान्यात स्वतः आणून देईन.

आपला नम्र,
यवतमाळ जिल्ह्यातला एक विज्ञान शिक्षक